अमेरिका कारखाने परत मायदेशी नेतेय, मग कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं काम जाईल का?

सगळं जाणार नाही, आणि लगेच तर नाहीच. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत कास्टिंगचं, म्हणजे फाउंड्रीत वितळलेला धातू साच्यात ओतून केलेल्या भागांचं, मशीनिंगचं काम रोज बघतो, त्यावरून सांगतो. एखादं पंप हाउसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) दुसऱ्या फाउंड्रीत हलवायचं म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो पॅटर्न नुसता ट्रकमध्ये टाकला की झालं असं नसतं. तिथली साच्याची वाळू वेगळी, गेटिंग (साच्यात धातू जायच्या वाटा) वेगळं. मग नमुना ओता, कापून आत ब्लोहोल (वायूमुळे राहिलेल्या पोकळ्या) आहेत का बघा, मापं तपासा, गिऱ्हाइकाची मंजुरी घ्या; यात महिने जातात. शिवाय फेटलिंगच्या (कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढण्याच्या) धुळीत ग्राइंडर धरून उभं राहायला तिकडेही माणसं सहज मिळत नाहीत (इथे तरी कुठे मिळतात म्हणा!). अमेरिकेत कारखान्यांतल्या नोकऱ्या १९७९ साली सुमारे १ कोटी ९५ लाख होत्या, आता १ कोटी ३० लाखांच्या आत आहेत, आणि तरीही माल तेव्हापेक्षा जास्त निघतो. म्हणजे काम परत गेलं तरी बरंचसं रोबोच्या वाट्याला जाईल. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा: आयातशुल्काचा चटका खरा आहे. जून २०२५ मध्ये त्यांनी पोलादावरचं शुल्क २५ वरून ५० टक्के केलं. ज्याची निम्मी ऑर्डर एकाच परदेशी गिऱ्हाइकाची, त्याची शिफ्ट आधी बंद पडेल. ट्रॅक्टर, पंप, ट्रक यांचं देशातलं काम हाताशी असलेल्याला एवढी झळ बसणार नाही. नोकरी बघत असाल तर मालकाला आधी हेच विचारा.