अमराठी शेजाऱ्यांना मराठी शिकवायला कोणतं ॲप घ्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की गोरेगावच्या तुमच्या सोसायटीत आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठीचा वर्ग सुरू केलाय. उत्तर प्रदेशातले दोन बँकवाले, केरळच्या एक नर्स, एक गुजराती जोडपं. सगळ्यांना ड्युओलिंगोसारखं एकच ॲप द्यावं का आणि हॉलसाठी प्रोजेक्टर घ्यावा का, असं विचारलंत.

ड्युओलिंगोवर मराठीचा कोर्स नाही, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला. पण असता तरी मी नको म्हटलं असतं, कारण तुमच्या वर्गात प्रत्येकाचं अडतंय वेगळ्या ठिकाणी. हिंदीवाल्यांना लिपी येते, पण ‘ळ’ जिभेवर बसत नाही आणि नपुंसकलिंग त्यांना नवीन. त्यातून शब्द ओळखीचे असले की जास्तच घोटाळा: हिंदीत ‘आवाज’, ‘दुकान’, ‘पुस्तक’ तिन्ही स्त्रीलिंगी, म्हणून ते बिनधास्त ‘आवाज आली’, ‘दुकान बंद झाली’ म्हणतात. नर्सबाईंना ‘ळ’ तुमच्या-आमच्याइतका छान येईल, पण मल्याळममध्ये क्रियापद लिंगानुसार बदलत नाही, त्यामुळे ‘तो आला, ती आली, ते आलं’ हाच त्यांचा डोंगर. गुजराती जोडप्याकडे ‘ळ’ही आहे आणि तिन्ही लिंगंही, ते पुढे पळणार आणि कंटाळणार. सगळ्यांना एकाच ठरीव धड्यावर बसवलंत तर रोज कोणीतरी जांभया देत बसेल.

माझ्या मते तुमचं मुख्य हत्यार आधीच सगळ्यांच्या खिशात आहे: व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज. गृहपाठ लिहून घेऊ नका, बोलून घ्या. ‘उद्या रिक्षावाल्याला काय सांगाल?’, ‘दूधवाल्याला दोन दिवस येऊ नको म्हणून कळवा’ असं काहीतरी, अर्ध्या मिनिटाचं. फक्त तो मेसेज ग्रुपवर नको, तुम्हाला एकट्याला पाठवायला सांगा. मोठ्या माणसांना शेजाऱ्यांसमोर चुकायची फार लाज वाटते, आणि ग्रुपवर मागितलंत की पहिल्या आठवड्यानंतर फक्त गुजराती जोडपंच बोलत राहील.

उत्तरही आवाजातच द्या. समजा बँकवाल्याने पाठवलं, ‘मॅडम, माझी तिकीट हरवली.’ व्याकरण समजावू नका. ‘अरे रे, तुमचं तिकीट हरवलं? कुठे हरवलं?’ एवढंच विचारा. तो परत म्हणेल, ‘तिकीट स्टेशनवर हरवलं.’ झालं काम. एका मेसेजमध्ये एकच चूक धरायची, बाकीच्या कानाआड करायच्या. आणि हे मेसेज पुसून टाकू नका. दोन महिन्यांनी त्यालाच त्याचा पहिला मेसेज ऐकवा, कुठल्याही परीक्षेपेक्षा जास्त हुरूप येतो.

उच्चारासाठी जीबोर्डचं (मोबाइलमधला गूगलचा कीबोर्ड) मराठी बोलून-टाइप, म्हणजे बोललेलं आपोआप लिहून देणारी सोय, वापरता येतं, पण त्याची खोड माहीत हवी. ते संदर्भावरून अंदाज बांधतं. ‘बाल रडतंय’ म्हटलं तरी ते ‘बाळ रडतंय’ लिहून देऊ शकतं आणि विद्यार्थी खूश! म्हणून त्यावरून उच्चार पास झाला असं धरू नका. ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चहा’तला ‘च’ वेगळे आहेत, हे तर ते दाखवणारच नाही, कारण अक्षर एकच. तिथे तुमचेच कान लागणार.

शब्द पाठ राहावेत म्हणून अंकी हे ॲप, म्हणजे मोबाइलवरचे उजळणीचे पत्ते (फ्लॅशकार्ड). विसरण्याआधी थोडं, मग वाढत्या अंतराने पुन्हा उजळणी, हे त्याचं तत्त्व. हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली विसरण्याच्या वेगावर जे प्रयोग मांडले तिथून ही वाट निघते. अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. इंटरनेट लागत नाही, त्यामुळे लोकलच्या गर्दीत रेंज गेली तरी चालतं. बाजारातले तयार पत्त्यांचे संच मात्र घेऊ नका. सुटा शब्द नको, छोटं वाक्य घाला, लिंग त्यातच येऊ दे: ‘हे दुकान उघडं आहे का?’ आवाज तुमचा भरा. नर्सबाईंना देवनागरी येईपर्यंत थांबवून ठेवू नका, त्यांच्या पत्त्यांवर चित्र आणि आवाज पुरे. आकड्यांचे पत्ते वेगळे करा. एकोणतीस, पंचावन्न, अठ्ठ्याहत्तर हे भाजीवालीकडे ऐनवेळी कोणालाच आठवत नाहीत.

एआय चॅटबॉटशी संवादाचा सराव करायला हरकत नाही: ‘तू रिक्षावाला हो, मी प्रवासी.’ पण तो रिक्षावाला ‘आपणास कुठे जावयाचे आहे?’ असं बोलायला लागतो. आधीच बजावा, बोलीत बोल, वाक्यं छोटी ठेव. शिकणाऱ्याने बरोबर लिहिलेलं तो चूकही ठरवू शकतो, म्हणून शंका त्याला नाही, तुम्हाला विचारायला सांगा.

फुकटचं एक साधन तर रोज कानावर पडतं. लोकलमधली घोषणा आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत होते. ‘पुढील स्टेशन’ ऐकून स्वतःशी ‘पुढचं स्टेशन’ म्हणायचं, कारण डब्यात शेजारचा माणूस तसंच बोलतो. घरी मराठी बातम्या यूट्यूबवर ०.७५ वेगाने लावायच्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. पण पहिलीचं पुस्तक चाळिशीच्या बँक अधिकाऱ्यापुढे ठेवू नका, तो मनातून खट्टू होतो. ज्यांची मुलं शाळेत मराठी शिकतायत, त्यांनी मुलांबरोबर बसून वाचलं तर गोष्ट वेगळी.

प्रोजेक्टर नको. त्या पैशांच्या छोट्या भागात बरा ब्लूटूथ स्पीकर येईल. मोबाइलच्या स्पीकरवर ‘ळ’ आणि ‘ल’ मागच्या खुर्चीपर्यंत वेगळे पोचत नाहीत, त्यात हॉलचे पंखे. घेण्याआधी हॉलमध्येच लावून बघा आणि मागे उभं राहून ऐका.