गाणं संपल्यावर

मागच्या वेळी झोपेवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्मी निघाली गाण्यांची. झोप येत नाही म्हणून गाणी ऐकतो, गाण्यांमुळेच झोप उडते, घरात गाणी लावू देत नाहीत, गाणी बंदच करत नाहीत, असं सगळं. त्यातली पाच पत्रं घेते आहे. नावं अर्थातच काढून टाकली आहेत.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी, वय ३४. यंदा सोयाबीन पिवळं पडलं, शेंगा भरल्याच नाहीत. जे राहिलं ते रोही (नीलगाई) आणि रानडुकरं ठेवत नाहीत, म्हणून रोज रात्री जागलीला जातो. मचाणावर कानात हेडफोन टाकून जुनी दर्दभरी गाणी ऐकतो, दोन-तीन तास. बायको म्हणते, या रडक्या गाण्यांनीच तुम्ही असे झाले. मला तर ऐकून बरं वाटते. खरं काय?

भाऊ, तुम्ही दोघंही बरोबर असू शकता.

उदास गाण्याने माणूस उदास होतो, हे अर्धंच खरं. २०१४ साली बर्लिनच्या दोन संशोधकांनी ७७२ लोकांना विचारलं होतं की, उदास संगीत ऐकताना मनात काय दाटून येतं? सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर दुःख नव्हतं, जुन्या दिवसांची हुरहुर होती. गाण्यातल्या दुःखाचे पैसे आपल्याला भरावे लागत नाहीत. पीक दुसऱ्याचं बुडालेलं असतं, आणि कुणीतरी आपल्या मनातलं सुरात सांगत असतं. मचाणावर एकट्या बसलेल्या माणसाला ही सोबत वाटते, त्यात काही चूक नाही.

पण बायकोला जे दिसतंय, तेही असतं. मन आधीच खचलेलं असलं की तेच गाणं रवंथ करायला लावतं. बैलाने रवंथ केलं की चारा पचतो. मनाच्या रवंथाने काही पचत नाही, तोच घास पुन्हा पुन्हा वर येतो. एक गाणं दहा वेळा, आणि दर वेळी तोच हिशोब: बियाण्याचे एवढे, खताचे एवढे, बँकेचे एवढे.

यातलं तुमचं कोणतं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही मात्र एका रात्रीत ओळखाल. गाणं संपलं की पुढचं लावू नका. हेडफोन काढा आणि दोन मिनिटं नुसते बसा. श्वास मोकळा झाला, उद्याच्या डवरणीचा किंवा पोराच्या शाळेचा विचार आला, तर गाण्याने आपलं काम केलं. हिशोब जिथे सोडला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला, छाती जड झाली, लगेच दुसरं गाणं लावावंसं वाटलं, तर बायकोचं ऐका.

ऐकणं बंद करा असं मी म्हणणार नाही, क्रम बदला. संगीतोपचार करणारे लोक आधी रोग्याच्या मनाशी जुळणारं संगीत घेतात आणि मग लय, सूर हळूहळू बदलत नेतात. आपल्याकडे हे कुणी शिकवावं लागत नाही. भजनी मंडळात पहिल्याच पदाला कुणी द्रुत लय धरतं का? आधी संथ, मग चढत जातं, शेवटी टाळ्या. तुमच्या मोबाईलमध्येही तसंच लावा. पहिली दोन तुमची दर्दभरी, मग एखादं मधलं, आणि शेवटी जे ऐकताना पाय आपोआप हलतो ते. नुसतं आनंदी गाणंच लावून बसलात तर मन चिडेल. खचलेल्या माणसाला तो आनंद खोटा वाटतो.

आणि जागलीला दोन्ही कानांत बोळे कशाला घालता, बाप्पा? खाली डुक्कर आलं, गवतात साप सरकला, तर कळणार कसं? लहान स्पीकर मचाणाला टांगा. कितीतरी जण डुकरं पळवायला धुऱ्यावर रेडिओ लावून ठेवतात. डुकरं काही दिवसांत त्या आवाजाला सरावतात ते सोडा, तुमचे कान मोकळे राहतील.

आता गाण्याबाहेरचं एक विचारते, सरळच विचारते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस भूक मेली आहे का? पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही का? आपण नसलेलं बरं, असं मनात येतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच बायकोला सांगा, उद्यावर टाकू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्रंदिवस लागतो, मराठीत बोलता येतं. फवारणीचं औषध घरात आणि मचाणाजवळ अजिबात नको, भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. अशा दिवसांत गाणं सोबत करेल, उपचार डॉक्टरच करतील. नैराश्यात नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर फायदा दिसतो. पण तो जोड म्हणून, औषधाऐवजी नाही.

प्रश्न : आर्वी तालुक्यातून लिहिते. सहा महिन्यांपूर्वी मामाजींना (सासऱ्यांना) लकवा झाला. उजवा हात-पाय कमजोर, आणि बोलणं गेलं. 'चाय' एवढा शब्दही निघत नाही. पण संध्याकाळी शेजारी भजन सुरू झालं की आख्खं भजन म्हणतात, एक शब्द चुकत नाही! ते आधी भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे, दरवर्षी मोझरीला (तुकडोजी महाराजांच्या आश्रमात) जायचे. भासरे (थोरले दीर) म्हणतात, बाबा नाटक करतात. आम्हाला काही समजत नाही.

नाटक नाही, ताई. भासऱ्यांना हे आवर्जून वाचून दाखवा.

बहुतेक माणसांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूवर चालतं. तिथे रक्तपुरवठा तुटला की वाचा जाते, आणि त्याच बाजूचा मेंदू शरीराचा उजवा भाग चालवतो म्हणून उजवा हात-पायही जातो. गाण्याचं तसं नाही. सुरांचं बरंचसं काम उजवी बाजू करते. शिवाय पन्नास वर्षं म्हटलेलं भजन हे सुटे शब्द नसतातच, चाल आणि शब्द एकात एक विणलेले असतात. पहिला धागा ओढला की पुढचं आपोआप येतं. 'चाय' मात्र दर वेळी नव्याने शोधून, जुळवून बोलावं लागतं. म्हणून भजन येतं आणि चाय येत नाही. ते जाणूनबुजून करतात असं समजून कुणी रागावलं, तर त्या माणसाची काय अवस्था होत असेल, याचा जरा विचार करा.

यावरून उपचाराची एक पद्धतच निघाली आहे, १९७३ पासून डॉक्टर ती वापरतात. रोजच्या कामाचं लहान वाक्य घ्यायचं आणि दोन सुरांत म्हणायचं, एक वरचा, एक खालचा. 'चा-य दे'. प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका. तुमच्याकडे तर ठेका धरणारा माणूसच आहे! खाटेच्या माच्यावर डावी बोटं ठेवून द्या, समोर बसा, त्यांच्या डोळ्यांत पाहून तुम्ही आधी म्हणा, मग दोघांनी मिळून, मग तुम्ही मध्येच थांबा आणि शेवट त्यांना करू द्या. 'पा-णी', 'झोप-तो', 'सूनबाई'. दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं, थकायच्या आत थांबायचं. वाक्य जमायला लागलं की सूर हळूहळू काढत न्यायचा. नुसतं भजन कितीही म्हटलं तरी त्यातून चाय मागता येत नाही, ही सोय मुद्दाम लावावी लागते. सगळ्यांना सारखा गुण येतो असं नाही, म्हणून स्पीच थेरपिस्टला एकदा दाखवाच. सेवाग्राम आणि सावंगीचे मोठे दवाखाने तुम्हाला फार लांब नाहीत, तिथे चौकशी करा.

आणि संध्याकाळचं भजन चुकवू नका. फिनलंडमध्ये लकव्याच्या ६० रोग्यांवर एक अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी दोन महिने रोज आपल्या आवडीचं संगीत ऐकलं, काहींनी वाचून दाखवलेली पुस्तकं ऐकली, काहींनी यातलं काहीच नाही. संगीतवाल्यांची शब्दांची आठवण जास्त सुधारली आणि मनही काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा कमी खचलं. 'आपल्या आवडीचं' हे शब्द लक्षात ठेवा. मामाजींना भजन हवं असताना नातवाने त्यांना बरं म्हणून बासरी लावून देऊ नये.

प्रश्न : आशा कार्यकर्ती आहे. गरोदर बाया विचारतात, पोटावर मोबाईल ठेवून अमुक राग लावला तर बाळ हुशार होते का? आणि अमुक रागाने बीपी उतरते का?

हुशार होत नाही. संगीताने बुद्धी वाढते ही हवा १९९३ च्या एका अमेरिकी प्रयोगातून पसरली. त्यात कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते, बाळ एकही नव्हतं. मोझार्टचं संगीत ऐकल्यावर एका प्रकारची कोडी त्यांना थोडी बरी सुटली, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. बाकी सगळं दुकानदारांनी जोडलं.

सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला ऐकू येतं, पण त्याला सगळ्यात जवळचा आवाज आईचा. पोटाला स्पीकर लावू नका. आईनेच गुणगुणावं, जे येतं ते, बेसूर असलं तरी. आणि या रोगाला हा राग, त्या रोगाला तो, असे तक्ते मोबाईलवर फिरतात, त्यांना पुरावा नाही. शांत संगीताने तेवढ्यापुरता जीव शांत होतो, हे खरं. बीपीची गोळी आणि लोहाची गोळी मात्र चुकता कामा नये.

प्रश्न : लाखांदूर तालुका, वय ६८. पोळा झाला, आता गणपती. डीजे आला की खिडक्या थरथरतात, छाती धडधडते, दोन दिवस माणूस चिडून राहतो. पोरं म्हणतात, काकाजी, तुम्हाला आनंद सोसत नाही. अरे, आम्ही मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) दिवसांत रात्रभर दंडार (नाचगाण्याचं लोकनाट्य) पाहिली, पहाटेपर्यंत नाटकं पाहिली! मग हेच का सोसत नाही?

काकाजी, पोरांची बाजू आधी सांगते, रागावू नका. ओळखीच्या गाण्यात 'आता ठेका पडणार' म्हणून आपण वाट पाहतो ना, त्या वाट पाहण्यातच मेंदूत डोपामीन हे सुखाशी नातं असलेलं रसायन सुटतं, आणि ठेका पडल्यावर पुन्हा. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हे मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं. त्यात शंभर जणांची पावलं एका तालात पडत असली तर विचारूच नका. तुम्ही दंडारीत जे अनुभवलं, तेच पोरं डीजेपुढे अनुभवतात.

पण दंडारीला तुम्ही आपल्या पायांनी गेला होता. नको असलेला, बंद करता न येणारा आवाज म्हणजे शरीराच्या लेखी संकटच. म्हणून धडधड, म्हणून चिडचिड. एकाच गाण्याने मिरवणुकीतला पोरगा खुलतो आणि खिडकीमागचा माणूस करपतो.

शिवाय ढोलकी वाजवणारा थकतो, स्पीकर थकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सोसतो, १०० डेसिबल मात्र फक्त २० मिनिटं. पुतणीच्या लग्नात मी वरातीतल्या स्पीकरच्या भिंतीपुढे तासभर उभी राहिले, 'मावशी, नाचा ना' म्हणून. दोन दिवस कानात रातकिडे ओरडत होते. इतरांना सल्ले देणारी बाई!

कायदा तुमच्या बाजूने आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. सणावारी सरकार ठराविक दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. पण पोलीस पाटलांकडे जाण्याआधी मंडळाच्या पोरांना गाठा आणि दंडारीची गोष्ट सांगा. गावात अजून ढोलकीवाला असेल तर एका संध्याकाळचा मान त्याला मागून घ्या.

प्रश्न : ताई, मालक जाऊन दोन वर्सं झाली. माही पोरगी नऊ वर्साची हाये. यंदा म्हन्ते, आई, आपल्या घरी भुलाबाई बसवू. सासूबाई म्हन्ते, या घरात आता गाणे नको. मले बी गाणं म्हणाले गेली का गळा दाटते, पोरीसमोर रडू येते. काय करू, सांगजा.

बसवा, माय.

रडू आलं तर येऊ द्या. गाताना गळा दाटतो तो गाण्याने काही बिघडवलं म्हणून नाही, आधीच साचलेलं असतं ते वाट काढतं. जात्यावर बसून आपल्या आज्यांनी काय केलं? गेलेल्या भावाचं, सासरच्या जाचाचं, सगळं ओवीत घातलं आणि पीठ झाल्यावर उठून चूल पेटवली. आई रडते आणि मग डोळे पुसून पुढची ओळ म्हणते, हे पोरीने पाहिलं तर तिचं काही वाईट होत नाही. दोन वर्षं घरात आवाजच नाही, हे तिला जास्त जड जात असेल. बाप तिचाही गेला आहे.

एकटीने मात्र गाऊ नका. इंग्लंडमध्ये नव्याने सुरू झालेल्या गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांची तुलना झाली, त्यात गाणारे एकमेकांशी सगळ्यात लवकर जवळ आले. आपल्या भुलाबाईत तर आळीतल्या पोरी दारोदार फिरतात. गळा दाटला की तुम्ही थांबा, नुसती टाळी धरा, ओळ पोरी पुढे नेतील. चार दिवसांनी बघा, किती ओळी निघतात.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचा लेक गेला आहे, आणि त्यांचं 'नको' त्या दुःखाचंच आहे. त्यांना भुलाबाईची जुनी गाणी विचारा, पोरीलाच विचारायला लावा: 'आजी, तुझ्या लहानपणी कोणती म्हणायच्या?' म्हाताऱ्या माणसाला तरुणपणातली गाणी सगळ्यात घट्ट आठवतात. कदाचित त्या सांगतील, कदाचित उठून आत जातील. तेही चालेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

कोजागिरीला भुलाबाईसाठी ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करायला मोठ्या माणसाचा हात लागतो, तेव्हा भावाला बोलवून घ्या. आणि भुलाबाईची खिरापत डबा हलवून ओळखायची असते, म्हणून काय केली ते मला कळवू नका. पोरीला म्हणावं, डब्यात एक दाणा घालून पाठव, मी हलवून ओळखते.