पहिलं लोरा मॉड्यूल: आधी ‘ओके’ येऊ द्या

पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) लोरा मॉड्यूल, म्हणजे लांब पल्ल्याचा छोटा रेडिओ, आणलंत, छान! पण अँटेना लावल्याशिवाय काही ट्रान्समिट करू नका, चिप जाऊ शकते. आणि अँटेना ८६८ मेगाहर्ट्झची मागून घ्या. ४३३ची दिसायला सारखीच असते.

मग मॉड्यूल कॉम्प्युटरला जोडून सिरियल टर्मिनल (मॉड्यूलशी टाइप करून बोलायचा प्रोग्राम) उघडा आणि नुसतं ‘एटी’ (AT) पाठवा. उत्तरात ‘ओके’ यायला हवं.

- कचरा अक्षरं आली? बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) चुकलाय.
- काहीच नाही? टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची वायर) अदलाबदल करून बघा. तरीही ढिम्म? मग लाइन एंडिंग, म्हणजे ओळ संपल्याची खूण, तपासा. बऱ्याच मॉड्यूलना सीआर आणि एलएफ (ओळ संपवणारी दोन अदृश्य अक्षरं) दोन्ही लागतात. नवखे हमखास इथेच अडकतात आणि उगाच मॉड्यूलला शिव्या घालतात.
- बहुतेक मॉड्यूल ३.३ व्होल्टची, ५ देऊ नका.

बँड ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्येच ठेवा, ९१५ आपल्याकडे नको. स्प्रेडिंग फॅक्टरला (पल्ला आणि वेग ठरवणारं सेटिंग) सध्या हात लावू नका. दोन मॉड्यूल एकमेकांशी बोलायला लागली की विचारा, सांगतो.