लग्नानंतर जातीचा दाखला: सुरुवात इथून करा

ताई, घाबरू नका. लग्नाने जात बदलत नाही, दाखला माहेरचाच निघतो. नवऱ्याच्या जातीवर आरक्षित जागेचा अर्ज कधीही भरू नका. पुढे दाखल्याच्या पडताळणीत लागलेली नोकरीही जाते.

आता पुण्यात राहता म्हणून पुण्यात अर्ज, ही नेहमीची चूक. मानीव दिनांकाला, म्हणजे त्या-त्या प्रवर्गासाठी शासनाने ठरवलेल्या तारखेला, वडील-आजोबा जिथले रहिवासी होते, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे जायचं. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा पुरावा हवा: आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीतली नक्कल) किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल. सगळा वेळ इथेच जातो, त्यामुळे भरतीच्या जाहिरातीची वाट न बघता आजच काकांना फोन करा.

बाकी थोडक्यात:

- नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडा.
- नॉन-क्रिमीलेयरला (कुटुंब उन्नत गटात नसल्याच्या प्रमाणपत्राला) आई-वडिलांचं उत्पन्न बघतात, नवऱ्याचं नाही.
- माहेर परराज्यात असेल तर महाराष्ट्र शासनाच्या भरतीत आरक्षण मिळत नाही. हे कटू आहे, पण आधीच कळलेलं बरं.

जात वैधता प्रमाणपत्राचं, म्हणजे दाखल्याच्या पडताळणीचं, पुढे बघू. आधी आजोबांचा तो एक कागद हाती येऊ द्या.