धुऱ्यावरचं आठवणीचं झाड

ताई, भाऊजींच्या आठवणीत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गुलमोहर लावायचा म्हणता. पण त्यांना रानाचा एवढा नाद होता, तर गुलमोहर नको, मोहाचं झाड लावा. पाणी साचणारी भारी काळी जमीन त्याला मानवत नाही. मुरमाड धुरा बघा. धुरा सामाईक असेल तर त्यापासून दहा-बारा फूट आत या, नाहीतर पुढे सावलीवरून शेजाऱ्याशी वाद ठरलेला.

उन्हाळ्यातच २ बाय २ बाय २ फुटांचा खड्डा तापू द्या. भरताना दोन टोपली कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड. माती वीतभर उंचच ठेवा, पावसात ती बसते. भाऊजींची रक्षा टाकायची तर चिमूटभर. ओंजळी रिकाम्या केल्या की मुळं करपतात, कारण राख खारी असते.

पिशवीतलं रोप घेऊ नका, मोहाचं सोटमूळ त्यात गुंडाळतं. जून-जुलैत पडलेल्या ताज्या टोऱ्या, म्हणजे मोहाच्या बिया, तीन घ्या आणि बोटाच्या पेराएवढ्या खोल, आडव्या टोबा. शिळी टोरी उगवत नाही. जोमदार एक ठेवा.

बाभळीच्या काट्यांचं कुंपण पहिल्याच दिवशी; बकरीला एक सकाळ पुरते. उन्हाळ्यात फूटभर अंतरावर बुडाला छिद्र पाडून वात घातलेलं मडकं पुरा, चौथ्या दिवशी भरा. वर सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर उधई (वाळवी) चढते.

फुलं यायला आठ-दहा वर्षं सहज लागतील.