थाई हॉरर 'द मीडियम' अर्ध्यावर सोडला, पुढे बघण्यासारखं काही आहे का?

तुमचं म्हणणं, पहिला तासभर नुसत्या मुलाखती नि पूजाच चालल्यात म्हणून पिक्चर बंद केला, आता मित्र सांगतायत शेवट जबरदस्त आहे, तर परत लावू का. लावा. पण मला विचाराल तर तुम्ही कंटाळलात तोच भाग भारी आहे आणि मित्र सांगतायत तो फसलाय. (पुढे स्पॉयलर आहेत हां.)

२०२१ चा पिक्चर, दिग्दर्शक 'शटर' या थाई भुताच्या पिक्चरवाला बंजोंग पिसांथानाकून, निर्माता कोरियाचा ना हाँग-जिन. थायलंडच्या इसान भागात बायान नावाची देवी एका घराण्यातल्या बायकांच्या अंगात येते, पिढ्यान् पिढ्या, आणि डॉक्युमेंटरीवाले निम नावाच्या मावशीच्या मागे कॅमेरा घेऊन फिरतायत. ही निम कसली खरी वाटते! केस मोकळे सोडून घुमणं वगैरे काही नाही, साधी गावातली बाई, न दिसणाऱ्या गोष्टींनी आलेलं दुखणं तेवढं बघणार, बाकीच्यांनी डॉक्टरकडे जावं. आम्ही गोव्यातले, पेडण्याकडचे, दसऱ्याला तरंगं (देवांचे सजवलेले खांब) निघतात, अवसर येतो म्हणजे माणसाच्या अंगात देव येतो, लोक हात जोडून गाऱ्हाणी सांगतात आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस बाजारात मासळीचा भाव करताना दिसतो, त्यामुळे असेल कदाचित, पण मला ती बाई ओळखीचीच वाटली.

आणि तिची बहीण नोय, जी देवी अंगात नको म्हणून ख्रिस्ती झालीय. आमच्याकडे शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण (मेरी माता) बहिणी मानतात, देऊळ आणि चर्च दोन्हीकडे जाणारी माणसं भरपूर, पण इथे या दोघी बहिणी एकमेकींशी धड बोलतसुद्धा नाहीत, आणि का ते कुणी भाषण देऊन सांगत नाही, मुलाखतीत कोण काय टाळतंय त्यावरून आपल्याला हळूहळू कळतं. डॉक्युमेंटरी स्टाईलचा खरा फायदा हाच. नोयची मुलगी मिंक बिघडायला लागते तेही आधी असंच, सहज कॅमेऱ्यात सापडल्यासारखं. त्या पोरीने काम अफाट केलंय.

मग घरात रात्रीचे कॅमेरे लावतात आणि सगळं 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'च्या वळणावर जातं. शेवटच्या विधीत तर माणसं माणसांना फाडतायत आणि कॅमेरामन अजून शूट करतोय, अरे बाबा पळ ना! तिथे मला भीती वाटायची सोडून हसू यायला लागलं. शिवाय कारणं किती, मिंकच्या भावाची आत्महत्या, पूर्वजांची पापं, जाळलेली फॅक्टरी, कुत्र्याच्या मांसाचा धंदा, एकाच बाधेला एवढं सगळं चिकटवल्यावर कशाचंच वजन राहत नाही. आणि एक मुलगी डोळ्यांदेखत संपतेय तरी तिचं खाजगीतलं सगळं चित्रित करणाऱ्या या लोकांचं काय, हा प्रश्न पिक्चर नीट विचारतच नाही, मला वाटतं सगळ्यात मोठी संधी तिथे घालवली.

तरी मारामारी संपली म्हणून बंद करू नका, अगदी शेवटी निमची एक छोटी मुलाखत आहे, देवी आपल्या अंगात खरंच कधी आली होती का याची तिलाच खात्री नाही असं ती रडत सांगते. अख्ख्या रक्तपातापेक्षा मला त्या दोन वाक्यांनी जास्त हलवलं. बाकी घरात कुत्रा पाळला असेल तर रात्रीच्या कॅमेऱ्यांचा भाग बघताना रिमोट हातात ठेवा, त्यातला एक सीन मी पुढे ढकलला.