तिकीट 200, 217 की 300?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची हौशी नाट्यसंस्था आहे. मी तिचा खजिनदार. यंदा एकाच दोन अंकी नाटकाचे तीन प्रयोग गावातच केले. नाट्यगृहात 550 खुर्च्या आहेत. दिवाळीतल्या पहिल्या प्रयोगाला 100 रुपये तिकीट ठेवलं, 498 तिकिटं गेली. जानेवारीत 150 केलं, 428 गेली. फेब्रुवारीत 200 केलं, 349 गेली. एका प्रयोगाचा खर्च 58 हजारांच्या घरात जातो. आता काही सभासदांचं म्हणणं असं की, भाव वाढवला की गल्ला वाढतो हे दिसतंच आहे, मग सरळ 300 करा. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिने वहीत काही मांडलं आणि म्हणाली, ‘बाबा, डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की 217 येतात.’ 217 रुपयांचं तिकीट कोणी लावतं का? कॉलेजातलं हे गणित तिकीटबारीवर खरंच चालतं का?

उत्तर : चालतं. तुमच्या मुलीने मांडलेलं गणित बरोबर आहे. तिला माझी शाबासकी सांगा. पण ती 217 वर थांबली, आणि मला वाटतं खरी गंमत तिथून पुढे सुरू होते.

तिने काय केलं असेल ते आधी सांगते. 100 ला 498, 150 ला 428, 200 ला 349. आलेखाच्या कागदावर हे तीन ठिपके मांडले तर ते जवळजवळ एका रेघेत बसतात. भाव 50 ने वाढला की साधारण 75 माणसं गळतात, म्हणजे रुपयामागे दीड माणूस. ती रेघ अशी लिहिता येते : माणसं = 650 − 1.5 × भाव. पडताळून पाहा, 500, 425 आणि 350 येतात. तुमच्या खऱ्या आकड्यांपासून दोन-तीन माणसांचा फरक, तेवढा चालायचाच. गल्ला म्हणजे भाव गुणिले माणसं, म्हणून भावाला प म्हटलं तर गल्ला = 650प − 1.5प². याचा विकलज, म्हणजे तुमची मुलगी म्हणाली ते डेरिव्हेटिव्ह (भाव रुपयाने वाढवला तर गल्ला साधारण किती बदलेल ते सांगणारं), 650 − 3प. तो शून्य केला की प = 216.67. झालं तिचं गणित.

आता हेच मी बारीवर बसून तुम्हाला दाखवते. समजा तिकीट 200 आहे आणि आत 350 माणसं बसणार आहेत. तुम्ही भाव एक रुपयाने वाढवलात. जे आलेच, त्यांच्याकडून एकेक रुपया जास्त मिळाला, 350 रुपये आले. पण दीड माणूस दारातून परत गेला आणि त्याचे 200 च्या भावाने 300 रुपये गेले. निव्वळ फायदा 50. म्हणजे अजून थोडं वर जायला हरकत नाही. आता 250 वर उभे राहा. तिथे आत 275 माणसं. रुपया वाढवला तर 275 येतात आणि 375 जातात, शंभराचा खड्डा. 217 पाशी काय होतं? आलेले 325, गेलेलेही 325. येणं आणि जाणं जिथे बरोबरीला येतं, तीच विकलज शून्य होण्याची जागा. बारावीची मुलं हे गणित गुणांसाठी सोडवतात, त्यातला हा रुपया आणि हा दीड माणूस त्यांना कोणी दाखवत नाही याचं मला फार वाईट वाटतं. मी एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात गणित शिकवलं, आणि पहिली आठ-दहा वर्षं मीही दाखवला नव्हता.

सभासदांच्या 300 बद्दल. याच रेघेवर 300 ला 200 माणसं येतील आणि गल्ला 60 हजार होईल, म्हणजे तुमच्या 200 रुपयांच्या प्रयोगापेक्षा दहा हजारांनी कमी. खर्च कसाबसा निघेल, आणि नटांपुढे साडेतीनशे खुर्च्या रिकाम्या. 100 वरून 150 ला गल्ला 14,400 ने वाढला, 150 वरून 200 ला फक्त 5,600 ने. वाढ कशी बसत चालली आहे ते या दोन आकड्यांतच दिसतं. सभेत एवढे दोनच आकडे वाचून दाखवा, विकलजाचं नावही काढू नका.

इथे कोणी विचारेल, गल्ला मोठा करून काय होणार, शिल्लक मोठी हवी ना? नाटकाच्या बाबतीत दोन्ही एकच, कारण तुमचे 58 हजार माणसांवर अवलंबून नाहीत. भाडं, नेपथ्याचा टेम्पो, लाइट, रंगभूषा, सगळं आत 50 बसले तरी तेवढंच आणि 500 बसले तरी तेवढंच. ऑगस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने 1838 साली भावाचं हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं, तेव्हा त्याने मुद्दाम असंच उदाहरण घेतलं होतं. एका माणसाच्या जमिनीत औषधी पाण्याचा झरा निघतो, तसं पाणी दुसरीकडे कुठे नाही. झऱ्याला खर्च नाही. त्याने लिटरला 100 फ्रँक सांगितले तर गिऱ्हाईक जवळजवळ येणारच नाही, म्हणून तो भाव उतरवत उतरवत गल्ला सगळ्यांत मोठा होईल तिथे थांबतो. तुमचा पडदा उघडल्यावरची रिकामी खुर्ची त्या वाहून जाणाऱ्या पाण्यासारखी आहे. तिकिटात चहा-वडा देणार असाल तर मात्र हिशेब बदलतो. माणशी 30 रुपये खर्च येत असेल तर भाव 30 ने नाही, 15 नेच वाढवायचा. मुलीला करून पाहायला सांगा. नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, म्हणून तो वजा करायची गरज नाही.

आता माझा खरा मुद्दा. 217 ला गल्ला येतो 70,417. आणि 200 ला? 70,000. फरक 417 रुपयांचा, पण आत 25 माणसं जास्त. 180 ला गल्ला 68,400, म्हणजे दोन हजार कमी, आणि माणसं 55 जास्त. भाव आणि गल्ला यांचा आलेख काढला तर त्या वक्राचा माथा टोकदार नसतो, पठारासारखा पसरट असतो. विकलज शून्य याचा अर्थच तो : तिथे भाव थोडा इकडे-तिकडे केला तरी गल्ल्याला फारसं कळत नाही. माथ्यापासून 10 रुपये सरकलात तर 150 रुपये जातात, 20 सरकलात तर 600, 40 सरकलात तर 2,400. जवळपास फिरणं स्वस्त, लांब जाणं महाग. म्हणजे गल्ला मोठा करायचं गणितच तुम्हाला सांगतंय की या पट्ट्यात पैशाची काळजी सोडा, दुसऱ्या कुठल्या कारणाने भाव ठरवायचा तो ठरवा. ते दुसरं कारण माझ्या लेखी एकच आहे, आणि ते मी कुठून शिकले ते सांगते.

1983 साली माझा भाऊ एका हौशी संस्थेत काम करायचा. इचलकरंजीला प्रयोग लावला की बारीवर मी बसायचे. समोर प्लॅन पसरलेला, हातात लाल-निळी पेन्सिल, विकलेल्या खुर्चीवर लाल फुली. तोवर आमचं मागच्या रांगांचं तिकीट 5 रुपये असायचं. त्या खेपेला मंडळींनी 8 केलं. संध्याकाळी एक माणूस आला, बायको आणि दोन मुलं बरोबर. हाताला यंत्रमागाच्या तेलाचा वास होता. त्याने विचारलं, ‘किती?’ मी म्हटलं, आठ. त्याने खिशातून घडी घातलेली विसाची नोट काढली, उलगडली, पुन्हा खिसा चाचपला आणि म्हणाला, ‘दोनच द्या बाई.’ बायको आणि थोरली मुलगी आत गेल्या. तो धाकट्याला घेऊन पायरीवर बसला आणि तिसऱ्या अंकापर्यंत बसून राहिला, आतले हशे ऐकत. माझ्या प्लॅनवर तेव्हा दोनशेच्या वर खुर्च्या कोऱ्या होत्या. मी उठून त्याला आत सोडायला हवं होतं. नाही सोडलं. नियम म्हणजे नियम असं मला त्या वयात वाटत होतं. प्रयोगाचा हिशेब झाला तेव्हा गल्ला पाचच्या भावाइतकाच भरला होता, शंभर-दीडशेचा फरक असेल. तेवढ्यासाठी ती खुर्ची कोरी ठेवली. गणितातलं ‘दीड माणूस’ मी शिकवते तेव्हा मला तो पायरीवरचा माणूस आणि मांडीवरचं पोर दिसतं.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर 200 च ठेवले असते. 217 नाहीच. सुट्ट्या पैशांसाठी बारीवर होणारी खोळंबा-खोळंब वेगळी.

पण तुमच्या आकड्यांबद्दल माझ्या मनात एक शंका आहे, ती बोलून टाकते. तुमचे तीन प्रयोग एकसारख्या दिवशी झालेले नाहीत. दिवाळीत मुंबई-पुण्याहून घरी आलेली माणसं असतात. फेब्रुवारीत ज्या घरी दहावी-बारावीचं पोर आहे ते घर नाटकाला फिरकत नाही, हे तुमच्याच घरात दिसलं असेल. शिवाय नाटक तेच, गाव तेच, मग पहिल्या दोन प्रयोगांना येऊन गेलेली माणसं तिसऱ्याला परत थोडीच येणार? म्हणजे 349 चा आकडा सगळाच भावामुळे पडला असं नाही. समजा बरा दिवस असता आणि 375 आली असती. मी ती रेघ पुन्हा ओढून पाहिली : माथा 217 वरून सरकून थेट 251 वर जातो. 26 माणसांनी 34 रुपये हलवले! मुलीने दशांशात उत्तर काढलं असेल तर तिला हे जरूर दाखवा. आणि तरीही बघा, या दुसऱ्या रेघेवर 220 चं तिकीट लावलं तर माथ्यापेक्षा नुकसान होतं सुमारे 1,200 रुपयांचं, 77 हजारांत. पठार इथेही सांभाळून घेतं. 300 बद्दल मात्र तुमचे ठिपके काहीच सांगत नाहीत. तुम्ही 200 च्या पुढे कधी गेलेलाच नाहीत, तिथली रेघ आपण नुसती लांबवली आहे.

मुलीसाठी एक वेगळा प्रश्न देते. समजा हाच प्रयोग 300 खुर्च्यांच्या सभागृहात लावला. 217 ला 325 माणसं यायला तयार, पण जागाच नाही. मग विकलज शून्य करून काढलेला भाव निरुपयोगी. 650 − 1.5प = 300 इथपर्यंत भाव चढवायचा, म्हणजे 233. माथा कुंपणाच्या बाहेर असला की उत्तर कुंपणावर सापडतं. परीक्षेत हे हमखास सुटतं, कारण मुलं विकलज शून्य केला की पेन खाली ठेवतात.

पुढच्या दिवाळीत नवं नाटक बसवाल तेव्हा पहिलाच प्रयोग 200 ला लावा. दिवस दिवाळीचा, नाट्यगृह तेच. 100 ला आलेल्या 498 शी तो आकडा ताडून पाहता येईल. नाटक वेगळं असेल हे खरं, पण महिन्याचा आणि परीक्षेचा घोळ तरी निघून जाईल. साडेतीनशेच्या आसपास आली तर मुलीची रेघ खरी. पावणेचारशे आली तर पुढच्या प्रयोगाला 220 करून पाहायला माझी हरकत नाही, पण मागच्या तीन-चार रांगा 100 ला ठेवून. त्यांची तिकिटं वेगळ्या रंगाची छापा, म्हणजे हिशेबात मिसळणार नाहीत.

आणि बारीवर जो कोणी बसेल त्याला एक काम सांगा. भाव विचारून परत गेलेल्या प्रत्येक माणसामागे प्लॅनच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने एक रेघ मारायची. इचलकरंजीच्या त्या प्रयोगानंतर मी ती सवय लावून घेतली. विकलेली तिकिटं तर हिशेबाच्या वहीत राहतातच. या रेघा दुसरीकडे कुठेही लिहिलेल्या नसतात. मोजून मला कळवा.